वाचलेली भाकरी कोणाच्या ताटात?

(लेंतकाळासाठी संडे स्कूलच्या शिक्षकांकरिता व पालकांकरिता अभ्यासपाठ)

शास्त्रभाग : निर्गम १६:१३-३०, यशया ५८:१-१०, लूक १९:१-१०, प्रेषितांची कृत्ये ६:१-६.
पाठांतरासाठी : यशया ५८:७.



चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. लेंतकाळातील पहिल्या रविवारी मी आमच्या वर्गातील मुलांना एकेक कोरी चिठ्ठी दिली आणि ईस्टरपर्यंत आपण कोणती आवडती वस्तू सोडणार, ते तिच्यावर लिहावयास सांगितले. माझ्या लहानपणी आमच्या शिक्षकांनी आम्हांला असेच शिकविले होते व मीही ते पुढे चालू ठेवले होते. मुलांनी भराभर लिहिले. कोणी चॉकलेट लिहिले, कोणी मोबाईलवरचे खेळ, कोणी कुंदा. (आम्ही बेळगावकडचे, कुंदा सोडणे हा आमच्यात लहान त्याग नव्हे.) एका दहा वर्षांच्या मुलाने मात्र चिठ्ठी कोरीच परत दिली. वर्ग सुटल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, आमच्याकडे संध्याकाळचा चहा बंदच आहे. तो सोडला असं लिहिलं तर चालेल का?"

मी "चालेल" म्हणालो, त्याच्या पाठीवरून हात फिरविला आणि त्याला घरी पाठविले. पण त्या रात्री मला जेवण गोड लागले नाही. ईश्वरविद्येच्या पदविकेसाठी मी उपवासावर चांगला आठ पानी निबंध लिहिला होता. त्यातले एकही वाक्य ह्या मुलाला सांगण्याजोगे मला आठवेना.

पुढे आणखी एक चूक आमच्या हातून झाली, तीही सांगून टाकतो. सोडलेल्या वस्तूंचे पैसे मुले दर रविवारी एका डब्यात टाकीत असत. ईस्टरच्या दिवशी आम्ही तो डबा उघडला आणि त्या पैशांचा मोठा केक आणून मुलांना वाटला. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. म्हणजे मुलांनी चाळीस दिवस जिभेला आवर घातला, आणि जे वाचले ते एकेचाळिसाव्या दिवशी आपणच खाल्ले! शेजारच्या घरापर्यंत त्यातला एक तुकडाही गेला नाही. ह्या दोन गोष्टींमुळे पुढच्या वर्षापासून आम्ही लेंतकाळाचे पाठ निराळ्या रीतीने घेऊ लागलो. त्यांतूनच हा अभ्यास तयार झाला आहे.

प्रथम लेंतकाळाविषयी थोडेसे, कारण मुले विचारतात आणि मोठेही विचारतात. 'लेंत' हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ वसंत ऋतू, दिवस मोठे होत जाण्याचा काळ, असा आहे. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस ४६ भरतात. त्यांतील सहा रविवार पुनरुत्थानाच्या आनंदाचे म्हणून वगळले की ४० उरतात. मुलांना हे कॅलेंडरवर मोजावयास लावावे. त्यांना फार गंमत वाटते. प्रभू येशू अरण्यात ४० दिवस उपाशी होता, त्याची ही आठवण. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या परिषदेच्या नियमांत ह्या चाळीस दिवसांचा उल्लेख आढळतो, तेव्हा ही चाल जुनी आहे हे उघड आहे.

आता आमच्यातले काही वडील म्हणतात की, ही रोमन मंडळीची रीत, आपल्याला ती कशाला? त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. १८१३ साली मुंबईत काम सुरू केलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत लेंत पाळण्याची चाल फारशी नव्हती. अँग्लिकन मंडळ्यांत ती होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा हे निरनिराळे प्रवाह एकत्र आले, आणि अनेक ठिकाणी लेंतकाळाच्या उपासनाही सर्वांच्या झाल्या. पण ह्या वादाची एक जुनी हकिकत मला फार बोधप्रद वाटते. १५२२ सालच्या लेंतकाळात झुरिक शहरी ख्रिस्टोफ फ्रोशाउअर नावाच्या छापखानदाराच्या घरी काही लोकांनी मांसाचे सॉसेज कापून खाल्ले. लेंतकाळात मांस वर्ज्य असल्यामुळे शहरात मोठा गलबला झाला. सुधारक झ्विंग्ली त्या वेळी तेथे हजर होता. त्याने स्वतः मांस खाल्ले नाही, पण पुढे २३ मार्च रोजी अन्नाच्या बाबतीतील ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्याविषयी त्याने उपदेश केला. आपल्या छापखान्यातील माणसे फ्रँकफर्टच्या जत्रेसाठी पुस्तक पुरे करावयास रात्रंदिवस राबत आहेत, नुसत्या पेजेवर त्यांचे कसे भागेल, अशी फ्रोशाउअरची कैफियत होती.

माझे मत असे की, लेंत पाळावा की न पाळावा हे प्रत्येक मंडळीने ठरवावे. पण जी पाळते तिने त्या राबणाऱ्या माणसांचा प्रश्न विसरू नये, कारण यशया संदेष्ट्याने हाच प्रश्न उपवास करणाऱ्यांपुढे कितीतरी आधी मांडला आहे.

यशयाच्या ५८ व्या अध्यायात लोक देवाकडे तक्रार करतात की, आम्ही एवढे उपवास केले आणि तू पाहिलेसुद्धा नाहीस. देव उत्तर देतो की, तुमच्या उपवासाच्या दिवशीच तुम्ही आपला व्यवहार साधता आणि मजुरांकडून काम पिळून घेता. नंतर आपल्याला आवडणारा उपवास कोणता ते तो सांगतो : जोखड तोडणे, जाचलेल्यांना मोकळे करणे, आणि आपली भाकरी भुकेल्यांस वाटून देणे. येथे शिक्षकांनी एक गोष्ट नीट पाहावी. भाकरी सोडून द्या असे म्हणून संदेष्टा थांबत नाही. ती मोडून दुसऱ्याला द्या असे तो सांगतो. उपवास करणाऱ्याच्या ताटातून निघालेली भाकरी कोणाच्या तरी ताटात पोहोचावयास हवी. ती वाटेतच अडकली, किंवा आमच्या केकसारखी फिरून आपल्याकडेच आली, तर यशयाच्या मापाने तो उपवास झालाच नाही.

त्या मुलाच्या कोऱ्या चिठ्ठीचे उत्तर मला येथे मिळाले. हा अध्याय ज्यांच्याजवळ भाकरी आहे त्यांना उद्देशून लिहिला आहे. ज्याच्या घरी चहा आधीच बंद आहे त्याला आणखी काय सोडतोस असे विचारणारा मी शिक्षक अध्याय न वाचताच वर्गात गेलो होतो.

ह्या ठिकाणी एक सूचना. लहान मुलांना उपाशी राहावयास सांगू नये. त्यांची वाढ चाललेली असते, आणि काहींना आजारही असतात जे आपल्याला ठाऊक नसतात. कोण काय सोडणार हे वर्गात मोठ्याने विचारू नये. चिठ्ठ्या तर मुळीच नकोत.

मग करावे काय? आम्ही निर्गमाच्या १६ व्या अध्यायापासून आरंभ केला. मान्न्याची गोष्ट मुलांना पाठ असते, परंतु त्यातील मापाची गोष्ट बहुधा सांगितली जात नाही. देवाने माणशी एक ओमर गोळा करावयास सांगितले. ओमर म्हणजे एफाचा दहावा भाग, आजच्या मापाने सुमारे दोन लिटर. कोणी जास्त गोळा केले, कोणी कमी. पण मोजून पाहिले तेव्हा जास्तवाल्याजवळ उरले नाही आणि कमीवाल्याला उणे पडले नाही. ज्यांनी उद्यासाठी लपवून ठेवले त्यांच्या मान्न्यात किडे पडले. वर्गात किड्यांचा भाग ऐकताना मुले नाके मुरडतात आणि तो कधी विसरत नाहीत! पुढे पौलाने यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा करताना करिंथकरांना ह्याच मापाची आठवण दिली आहे (२ करिंथ ८:१५). म्हणजे जे अरण्यात देवाने स्वतः जुळवून आणले, ते मंडळीने आपल्या हातांनी करावे असे पौलाचे मत दिसते.

ही गोष्ट सांगून झाल्यावर आम्ही एक खेळ घेतला. तो आपणही अवश्य घ्यावा. खर्च काही नाही. वर्गात वीस चिंचोके न्यावेत. प्रत्येक चिंचोका म्हणजे अर्धी भाकरी. एका घरात सहा माणसे आहेत : आजी, वीटभट्टीवर काम करणारे वडील, अंगावर पाजणारी आई, बारा वर्षांची ताई, सात वर्षांचा धाकटा, आणि तान्हे बाळ. आजच्या दिवसाला एवढ्याच भाकऱ्या आहेत. वाटा.

आमच्या मुलांनी प्रथम सर्वांना तीन तीन वाटले आणि उरलेल्या दोहोंवरून भांडणे सुरू झाली. मग एकाच्या ध्यानात आले की, बाळाला दातच नाहीत. बाळाचे तीन परत आले, म्हणजे आता पाच हातात. "बाबांना जास्त, ते विटा उचलतात." बाबांना तीन गेले. "आजी थोडंच खाते," असे म्हणून तिचा एक काढला गेला. आजीला कोणी विचारले का, असे मी म्हटले तेव्हा सगळे जरा थांबले. धाकट्याला खेळायचे असते म्हणून त्याला एक. अशा रीतीने बराच वेळ देवघेव चालली आणि आईच्या पुढे दोनच चिंचोके राहिले. बाळाला पाजणारीला किती लागेल बरे, असे मी विचारले. तेव्हा कोपऱ्यात बसलेली एक मुलगी अगदी सहज म्हणाली, "सर, आईचं वेगळं कशाला मोजायचं? ती शेवटी बसते. उरेल ते तिचं."

वर्गात कोणी हसले नाही. मुलगी खोटे बोलत नव्हती. ती आपल्या घरचे, आणि माझ्याही घरचे, सांगत होती.

शिक्षकहो, ह्या जागी घाई करू नये. पुढचा मुद्दा घेण्यापेक्षा येथेच अर्धा तास जाऊ द्यावा. सारखे वाटणे आणि न्यायाने वाटणे ह्यांतला फरक मुलांना व्याख्येने कळत नाही, चिंचोक्यांनी कळतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण शंभरात २५ होते. ह्याला इतरही कारणे आहेत हे मान्य. पण शेवटी बसणारीच्या वाट्याला काय येते, हे आपण सर्वांनी स्वयंपाकघरात पाहिले आहे. त्या संध्याकाळी मी घरी म्हणालो की, आज सगळे एकदम बसू. आमच्या सौभाग्यवतीने उत्तर दिले, "मग गरम भाकऱ्या कोण करणार?" तेव्हा त्या दिवसापासून भाकऱ्या आधी होतात आणि आम्ही त्या थोड्या गार खातो. त्याने कोणाचे काही बिघडलेले नाही.

मोठ्या मुलांच्या वर्गात आणखी एक हिशेब घालावा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे रेशन दुकानातून प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, आणि अंत्योदय कुटुंबाला कुटुंबामागे ३५ किलो. आता अंत्योदय कुटुंबात दोन म्हातारी माणसे असतील तर माणशी किती? नऊ माणसे असतील तर किती? नऊ जणांना माणशी चार किलोदेखील येत नाही, हे मुले पाटीवर मांडून दाखवितात. मग कोणता नियम बरा, माणशी की घरामागे? आमच्या वर्गात ह्यावर दोन तट पडले आणि वाद मिटला नाही. मिटविण्याची घाई मीही केली नाही. बाजारात रांगेत उभ्या राहणाऱ्या आपल्या आईच्या हातातील कार्डाकडे ही मुले आता निराळ्या नजरेने पाहतात, एवढे मला पुरे आहे.

मुलांना पंक्तीचा चांगला अनुभव शाळेत येतो. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतून शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. आमच्या सीमाभागातील मुले त्याला कानडी नावाने बिसियूट म्हणतात. एका ओळीत बसून, कोण कोणाचा हे न पाहता, सगळ्यांना एकच भात आणि एकच सांबार. आता आपल्या मंडळीतील प्रीतिभोजन आठवा. पुढच्या पंक्तीला पाहुणे आणि वडीलधारे, त्यांना वाढताना मटणाचे तुकडे. मागच्या पंक्तीला नुसता रस्सा, आणि भांडी घासणाऱ्या बायांना करपलेला भात. करिंथ येथे असेच चालले होते. कोणी भुकेला राही आणि कोणी तर्र होई, आणि प्रभूच्या मेजावर हे घडत असल्यामुळे पौलाने त्यांची कानउघाडणी केली (१ करिंथ ११:२०-२२). सरकारी शाळेची पंक्त आपल्या पंक्तीपेक्षा शास्त्राला अधिक धरून असावी, ही आपणांस लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे. हे मी लिहिले म्हणून कोणी रागावतील. रागवावे, पण पुढच्या प्रीतिभोजनात वाढपी शेवटच्या पंक्तीपासून सुरू करून पाहावे.

जीवनातील पालटाविषयी शिकविताना आम्ही जक्कयाची गोष्ट घेतो. उंबराच्या झाडावर चढलेला बुटका मनुष्य मुलांना आवडतो, आणि बहुतेक पाठ त्या झाडापाशीच संपतात. खरी गोष्ट तो खाली उतरल्यावर घडते. आपण पश्चात्ताप हा शब्द वापरतो. त्यात मागाहून होणारा ताप आहे. नव्या करारातील ग्रीक शब्दात मन पालटण्याचा अर्थ आहे. जक्कय रडला असे लूक कोठेही सांगत नाही. तो उभा राहिला आणि हिशेब बोलला : अर्धे गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट. आणखी एक गंमत पाहा. प्रभूने त्याला उपास करावयास सांगितले नाही. प्रभू आपण होऊन त्याच्या घरी पाहुणा म्हणून उतरला. पालट घडला तो घरी आलेल्या पाहुण्यासमोर.

मुलांकडून मोठमोठी वचने घेऊ नयेत. 'मी कधीच खोटे बोलणार नाही' असे लिहून घेतले की, सोमवारी दुपारपर्यंत ते मोडते आणि मूल समजते की, आपण वाईटच. त्यापेक्षा जक्कयाचा प्रश्न द्यावा : माझ्यामुळे कोणाला उणे पडले? एका मुलाने सांगितले की, तो धाकट्या बहिणीचे अंडे खात असे आणि तिला आवडत नाही असे आईला सांगत असे. त्याने काय करावे हे मी सांगितले नाही. पुढच्या रविवारी तो म्हणाला की, बहिणीला अंडे आवडते!

भुकेची गोष्ट परक्यांची नव्हे, आपल्याच मंडळीच्या इतिहासातली आहे, हे मुलांना कळण्यासाठी पंडिता रमाबाईंचे चरित्र सांगावे. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, पण जवळचे सारे दानधर्मात संपले होते आणि अंगमेहनतीचे काम कोणालाच येत नव्हते. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात दक्षिणेत भटकत असताना त्या कुटुंबाने झाडाचा पाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, थोड्याच काळाने आई गेली, नंतर थोरली बहीण. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास एवढेच राहिले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळाची बातमी आली तेव्हा रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या आणि पुण्यात शारदा सदन चालवीत होत्या. त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. केडगाव येथे आधीच घेतलेल्या शेतजमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले, आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही शेकडो मुली तेथे आल्या. तेथे मुलींना शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकविली जात. रमाबाईंच्या आईवडिलांना दुष्काळात जे आले नाही, ते ह्या मुलींना आले. मोठ्या मुलांनी ह्यावर जरूर विचार करावा : अन्न देणे आणि अन्न मिळविण्याचे सामर्थ्य देणे ह्यांत काय नाते आहे?

आता कृतीविषयी. आम्ही पैशांचा डबा बंद केला आणि मूठ सुरू केली. ही कल्पना आमची नव्हे. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रिया शंभर वर्षांहून अधिक काळ दर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून ते मंडळीला देत आल्या आहेत. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी गावोगावच्या बायांकडून मुष्टिफंड गोळा केला, हे सातारकडचे वाचक जाणतातच. मूठ ही अशी गोष्ट आहे की ती लहान मुलाचीही असते, आणि ती घरातल्या चुलीशी जोडलेली असते.

पण पहिल्याच आठवड्यात एक अडचण ध्यानात आली. एका बाईंनी मला सांगितले की, मुलगा हट्टाने मूठ काढतो, भात तेवढाच कमी होतो, आणि शेवटी बसणारी मीच! म्हणजे आमचा सुंदर लेंतकाळ फिरून आईच्याच ताटातून निघू लागला होता. तेव्हा नियम केला की, मूठ काढणाऱ्याने त्या दिवशी आपल्या ताटात एक वाढप कमी घ्यावी आणि आईचे ताट सर्वांच्या बरोबर वाढले जावे. पालकांनी ह्यावर लक्ष ठेवावे. वडिलांनी तर अधिक ठेवावे.

धान्य गोळा करण्याची रीतही बदलली. वेदीपाशी भांडे ठेवले तर कोण किती टाकतो ते सर्वांना दिसते. म्हणून वर्गामागच्या लहान खोलीत झाकणाचे पिंप ठेवले, आणि मुलांना सांगितले की, एकेकट्याने आत जावे; ज्याला टाकायचे त्याने टाकावे, ज्याच्या घरी नसेल त्याने पिशवीत घ्यावे; बाहेर आल्यावर कोणी कोणाला विचारू नये. काही पालकांना हे पटले नाही. मुले फसवतील असे ते म्हणाले. पिंप ईस्टरपर्यंत भरतच गेले. आतून कोणी किती नेले ते मला ठाऊक नाही.

येथे योहानाच्या सहाव्या अध्यायातील मुलाची गोष्ट जोडता येते. त्याच्या पाच भाकरी जवाच्या होत्या, असे योहान मुद्दाम सांगतो, आणि जव हे गरिबाचे धान्य. प्रभूने घेतली ती गरीब मुलाची शिदोरी. सर्व जेवल्यावर उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करावयास त्यानेच सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ ह्या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील निम्म्याहून अधिक घराघरांतून. हा आकडा मुलांना समजत नाही. ताटातल्या शितांची मोजणी समजते. एका रविवारी नाश्त्यानंतर आम्ही सर्वांच्या ताटल्यांत उरलेले पोहे एकत्र केले. दोन मुलांचा नाश्ता भरला.

पिंपातील धान्य कोणाला द्यावे, आणि कोणी वाटावे? हा प्रश्न आला तेव्हा आम्ही कृत्यांचा सहावा अध्याय उघडला. यरुशलेमेच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होई. तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना दटावले नाही. सात माणसे निवडावयास सांगितले. त्या सातांची नावे वाचून पाहा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या लोकांना कमी पडत होते, बहुतकरून त्यांच्यातल्यांच्याच हाती मंडळीने वाढपाची पळी दिलेली दिसते. मी हा अध्याय वीस वर्षे वाचीत होतो. नावांकडे माझे लक्ष मुलांना ती पाठ करावयास लावताना गेले.

आम्हीही सात मुले निवडली. चहाचे विचारणारा तो मुलगा त्यांतला एक होता. कोणाच्या आजीकडचे जुने लोखंडी मापटे मिळाले आणि ते त्याच्या हाती दिले. वाड्यातील व मागच्या चाळीतील पाच घरे मुलांनी स्वतः ठरविली होती, त्यांत दोन घरे आपल्या मंडळीची नव्हती. शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी पिशव्या भरावयास घेतल्या. मुलगा मापटे पिंपात बुडवून वर काढी, तळहाताने वरचे तांदूळ सपाट करी आणि पिशवीत ओती. चार पिशव्या अशा झाल्या. पाचव्या पिशवीला मात्र त्याने हात फिरविला नाही. प्रत्येक मापटे शिगोशीग भरून ओतू लागला. शेजारचा मुलगा लगेच ओरडला, "सर, हा ह्यांना जास्त घालतोय!"

तो खाली मान घालून मापटे भरीतच होता. "त्यांच्याकडे पोरं चार आहेत," तो म्हणाला, आणि आणखी एक ओतले.